लॅपटॉप घेताय? आधी प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा

बारावीचा निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की अकोल्याच्या गांधी रोडपासून अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंत संगणकाच्या दुकानांत गर्दी वाढते. विचारणारे बहुधा आईवडील असतात आणि सोबत अभियांत्रिकीला, कृषी विद्यापीठात किंवा बी.कॉम.ला प्रवेश घेतलेले लेकरू. दुकानदार दोन लॅपटॉप समोर मांडतो. दोन्हींवर 'आय-फाइव्ह'चे स्टिकर, दोन्हींत ८ जीबी रॅम, पण किमतीत हजारोंचा फरक. "आय-फाइव्ह तं दोन्हीही हाय, मंग हा सस्ता काऊन?" हा प्रश्न तिथे हमखास येतो आणि त्याचे धड उत्तर क्वचितच मिळते.

उत्तर असे, की 'आय-फाइव्ह' किंवा 'रायझेन ५' हे घराण्याचे नाव आहे. एकाच घराण्यात सात-आठ वर्षांपूर्वीचाही प्रोसेसर असतो आणि यंदाचाही. त्यातला तुमच्या हाती कोणता येतो, हे त्या नावापुढच्या आकड्यांवरून कळते. प्रोसेसर कंपन्यांच्या चुरशीमुळे आज कमी पैशात चांगले यंत्र मिळते हे खरेच आहे. पण त्याच चुरशीत नावांचा एवढा गुंता झाला आहे, की जुना माल नव्याच्या नावाखाली सहज खपतो. आकडा वाचता आला, तर तुमचे दहा हजार वाचू शकतात.

ही स्वस्ताई आली कुठून

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात या छोट्या वस्तीच्या शाळेत २००७ साली 'एक मूल, एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचे हिरवे-पांढरे इवलेसे संगणक पोचले. त्यांत एएमडीचा जिओड हा प्रोसेसर होता. १०० डॉलरमध्ये संगणक देण्याचे स्वप्न होते, प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुप्पट झाली. तरीही इंटेलने तातडीने 'क्लासमेट' नावाचा स्वतःचा स्वस्त संगणक पुढे रेटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तैवानच्या असूसने सात इंची पडद्याचा 'ई पीसी' आणला, पुढच्या वर्षी इंटेलने खास अशा यंत्रांसाठी 'अ‍ॅटम' प्रोसेसर काढला आणि 'नेटबुक' हा शब्द घरोघरी गेला.

ती लाट पाच वर्षे टिकली. २०१२ संपता संपता असूस आणि एसर या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी नेटबुक बनवणे थांबवले. टॅबलेट आले हे एक कारण. दुसरे कारण घेणाऱ्यांनी रोज अनुभवले होते. चार पाने उघडली की यंत्र अडखळायचे. किंमत उतरवताना कंपन्यांनी प्रोसेसर, मेमरी आणि साठवण या तिन्हींना एकदम कात्री लावली होती. पंचवीस हजारांच्या आतल्या लॅपटॉपमध्ये आजही नेमक्या याच तीन जागा आधी तपासायच्या असतात.

दुसरा मोठा बदल २०१७ चा. तोवर हलक्या लॅपटॉपमधला इंटेलचा आय-५ वर्षानुवर्षे दोन कोअरवर अडकून होता. त्या वर्षी एएमडीने 'रायझेन' आणला आणि इंटेलच्या आठव्या पिढीत त्याच वर्गाच्या आय-५ ला चार कोअर मिळाले. म्हणून ७२००यू हा सातव्या पिढीचा आय-५ दोन कोअरचा आहे, तर ८२५०यू हा आठव्या पिढीचा आय-५ चार कोअरचा. स्टिकर मात्र दोघांवरही 'आय-५'च.

२०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःची 'एम१' चिप आणली, २०२४ मध्ये क्वालकॉमने 'स्नॅपड्रॅगन एक्स' घेऊन विंडोजच्या लॅपटॉपमध्ये जोर लावला. खालच्या टोकाला मीडियाटेक आहे. जुलै २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना बाजारात आलेल्या जिओबुकमध्ये त्यांचाच प्रोसेसर होता. म्हणजे पूर्वी दोघांत असलेली कुस्ती आता चौघा-पाचांत लागली आहे.

नंबर कसा वाचायचा

दुकानदाराला 'कोणती जनरेशन?' एवढेच विचारून थांबू नका. प्रोसेसरचा पूर्ण नंबर कागदावर लिहून मागा आणि मग पुढील गोष्टी पाहा.

- इंटेलची जुनी पद्धत: आय-५ १२३५यू यातील पहिले दोन आकडे पिढी सांगतात, म्हणजे बारावी. १३३५यू म्हणजे तेरावी. चार अंकांचाच नंबर ६, ७ किंवा ८ ने सुरू होत असेल, तर ती सहावी, सातवी किंवा आठवी पिढी.
- इंटेलची नवी पद्धत: २०२४ पासून बऱ्याच मॉडेलांतून 'आय' गळून पडला. 'कोअर ५ १२०यू' आणि 'कोअर अल्ट्रा ५ १२५यू' ही नावे जुळ्या भावांसारखी वाटतात, पण 'अल्ट्रा' नसलेल्या पहिल्याची आतली रचना तेराव्या पिढीचीच आहे. तो टाकाऊ मुळीच नाही, फक्त 'अगदी नवा' म्हणून त्याची जादा किंमत मोजू नका.
- 'एन' अक्षराचे प्रोसेसर: २०२३ मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे बंद केली. त्यांच्या जागी एन१००, एन२०० आले. एन१०० मध्ये चार छोटे कोअर असतात आणि तो फक्त सहा वॉटच्या हिशोबाने बनवलेला आहे. आय-३ एन३०५ मध्ये कोअर आठ आहेत, पण तेही सगळे छोटेच. आय-३ १२१५यू मध्ये मात्र सहापैकी दोन मोठे, दमदार कोअर असतात. 'आठ कोअर' ऐकून सहा कोअरवाल्याला नाकारू नका.
- एएमडीची ७००० मालिका: इथे तिसरा आकडा निर्णायक. रायझेन ५ ७५२०यू मधला '२' म्हणजे २०१९ ची झेन-२ रचना आणि चार कोअर. ७५३०यू मधला '३' म्हणजे झेन-३ आणि सहा कोअर. ७५४०यू मधला '४' म्हणजे झेन-४. पहिला आकडा '७' असल्यामुळे तिघेही एकाच वयाचे वाटतात. ग्राहक सर्वाधिक फसतो तो इथेच.
- शेवटचे अक्षर: 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, 'एच' म्हणजे जोरदार, पण जास्त तापणारा आणि बॅटरी लवकर उतरवणारा.

७५२०यू बद्दल आणखी एक गोष्ट. या प्रोसेसरबरोबर येणारी रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. आठ जीबीचा घेतला की कायमचा आठच. "नंतर टाकून देऊ," असे कोणी म्हणाले, तर रिकामा स्लॉट आहे का ते त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात दाखवायला सांगा.

कोणाला कोणता पुरेल

ऑनलाइन वर्ग, टिपणे आणि एमएस-सीआयटीचा सराव एवढेच काम असेल, तर एन१०० किंवा एन२०० चालतो. मात्र रॅम ८ जीबी हवी आणि साठवण एसएसडीची हवी. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी ही जोडी दिसली, की किंमत कितीही मोहात पाडो, पुढे चला. विंडोज ११ ची किमान अट नेमकी एवढीच आहे, त्यामुळे विंडोज सुरू होईल, पण दोन-तीन अपडेटनंतर साठवण भरून जाईल.

बी.कॉम., बी.एस्सी., टॅली, कार्यालयीन काम, स्पर्धा परीक्षेची तयारी यांसाठी आय-३ १२१५यू किंवा रायझेन ५ ७५३०यू च्या वर्गातला प्रोसेसर चार-पाच वर्षे सहज साथ देतो. शेगाव, बडनेरा वा अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाणाऱ्यांनी १६ जीबी रॅम, किंवा निदान ती वाढवण्याची सोय, ही पहिली अट धरावी. संगणक शाखेला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागतेच असे नाही. स्थापत्य आणि यंत्र शाखेत त्रिमितीय आरेखनासाठी त्याचा उपयोग होतो, पण पहिल्या वर्षी घाई नको. विभागाला कोणती सॉफ्टवेअर लागतात, हे आधी महाविद्यालयात विचारा.

सेतू केंद्र, डीटीपी आणि सीएच्या कार्यालयासाठी इशारा

स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप आता आवाक्यात येत आहेत. बॅटरी लांब चालते, यंत्र कमी तापते, विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला ते छान आहेत. पण हा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले साधे प्रोग्राम त्यावर भाषांतराच्या थरातून चालतात. ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत, ते एआरएमसाठी स्वतंत्र बनवलेले असावे लागतात.

आता आपल्याकडच्या एखाद्या सेतू केंद्राचे टेबल डोळ्यासमोर आणा. आधारसाठी बोटाचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सहीचे यूएसबी टोकन, दहा वर्षांचा जुना लेझर प्रिंटर, शेजारी स्कॅनर. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचे यूएसबी कुलूप असते. यातील प्रत्येक वस्तूला ड्रायव्हर लागतो. एकाचा जरी एआरएम ड्रायव्हर नसला, तरी दुसऱ्या दिवशी केंद्राचे काम अडते. तेव्हा अशी उपकरणे वापरणाऱ्यांनी तूर्त इंटेल किंवा एएमडीच घ्यावा. स्नॅपड्रॅगन घ्यायचाच असेल, तर आपली सगळी उपकरणे दुकानात नेऊन, जोडून, चालवून पाहावीत. शासकीय टंकलेखन परीक्षेचा सराव करणाऱ्यांनीही आपल्या संस्थेचे सराव सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे आधी विचारावे.

वऱ्हाडातला उन्हाळा हिशोबात धरा

लॅपटॉपची परीक्षणे बहुधा वातानुकूलित खोल्यांत होतात. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात वापरासाठीचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेले असते. अकोल्यात एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि टिनाच्या छताखालच्या खोलीत दुपारी काय होते, ते इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

प्रोसेसर ठरावीक मर्यादेपर्यंत तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यामुळे 'एच' प्रकारच्या प्रोसेसरचा जो जोर जादा पैसे मोजून विकत घेतला, तो भर उन्हाळ्याच्या दुपारी पूर्ण मिळत नाही. खोलीत कूलर-एसी नसेल आणि गेमिंग किंवा जड आरेखन करायचे नसेल, तर 'यू' प्रकारचा प्रोसेसर अधिक शहाणपणाचा. पंखा नसलेली पातळ यंत्रे आवाज करत नाहीत, पण उष्णता बाहेर टाकायला त्यांच्याकडे फक्त अंगच असते. आपल्या भागात ती घ्यायचीच, तर सहा वॉटच्या वर्गातलीच घ्या.

वापरताना एवढे सांभाळा:

- गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची जाळी बुजते. पाट किंवा लाकडी फळी पुरे.
- डेझर्ट कूलरच्या थेट झोताखाली यंत्र नको. त्या हवेत ओल असते, कधी पाण्याचे तुषारही.
- जिनिंग-प्रेसिंगच्या परिसरात राहत असाल, तर कापसाची लव पंख्यात अडकते. वर्षातून एकदा आतून साफसफाई करून घ्या. वॉरंटीत असेल, तर अधिकृत केंद्रातच.
- दिवसभर चार्जरवरच ठेवणार असाल, तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू करा. बऱ्याच कंपन्या ती देतात. उष्णता आणि भरलेली बॅटरी हा मेळ बॅटरीचे आयुष्य घटवतो.
- धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी घराची अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनचा प्लग कापून दोन पिनचा करू नका.

सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड घेताना

मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले दणकट लॅपटॉप निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि त्यांतले अनेक खरोखर चांगले असतात. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी लॅपटॉपमध्ये इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझेन ३००० मालिका, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांचे ढीग म्हणूनच स्वस्तात बाहेर आले. आडवाटेने विंडोज ११ घालून दिले, तरी मायक्रोसॉफ्ट त्याची हमी घेत नाही. लिनक्स वापरायची तयारी असेल, तर ही यंत्रे अजूनही कामाची आहेत. नसेल तर आठव्या पिढीच्या खाली उतरू नका.

दुकानातच सेटिंग उघडून विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेटेड' आहे का ते पाहा. बॅटरी रिपोर्ट काढून मागा. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसते. आताची क्षमता मूळच्या साठ टक्क्यांवर आली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मगच भाव करा. बिजागऱ्या, सर्व यूएसबी, कॅमेरा, की-बोर्डची प्रत्येक कळ तपासा. दुकानदार जी तीन वा सहा महिन्यांची वॉरंटी तोंडी सांगतो, ती बिलावर लिहून घ्या.

कधी घ्यावा, पैसे कसे द्यावे

नवे प्रोसेसर बहुधा जानेवारीत लास व्हेगासच्या आणि मे-जूनमध्ये तैपेईच्या प्रदर्शनात जाहीर होतात. नवे जाहीर झाले, की मागच्या पिढीचा साठा संपवण्यासाठी सवलती निघतात. सामान्य कामासाठी तो मागच्या पिढीचा माल हाच पैशाचा सर्वांत चांगला मोबदला असतो. पण 'अजून थांबू, आणखी स्वस्त होईल' हे गणित दरवेळी जुळत नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी एवढी वाढवली, की रॅम आणि एसएसडीचे भाव चढले. प्रोसेसरची चुरस किंमत खाली ओढते, मेमरी वर ढकलते. गरज आता असेल, तर आताच घ्या.

'जीएसटी कमी झाला म्हणून एवढी सूट' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. २२ सप्टेंबर २०२५ च्या बदलात एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉपवर आधीपासूनच १८ टक्के होता, तो तसाच राहिला.

'नो-कॉस्ट ईएमआय'मध्ये बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो. वर व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी येते. म्हणून एकरकमी पैसे दिल्यास काय भाव, हे आधी विचारा. शैक्षणिक कर्ज घेत असाल आणि अभ्यासक्रमाला संगणक लागत असेल, तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत संगणकाचा वाजवी खर्च धरता येतो. अर्ज करतानाच कोटेशन जोडा. कृषी केंद्र किंवा इतर जीएसटी नोंदणीकृत व्यवसायासाठी घेत असाल, तर बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या. तो नसेल, तर भरलेल्या कराची वजावट मिळणार नाही.

डबा उघडताना

- डब्यावर एमआरपी, निर्माता किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवा क्रमांक असतो. महिना-वर्ष वाचा, किती जुना साठा आहे ते कळेल.
- डब्यावरचा, लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच असला पाहिजे. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते तिथेच पाहा.
- यंत्र चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडले, की प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि रॅम दिसते.
- बिलावर मॉडेल क्रमांक, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, एसएसडी हे सगळे लिहून घ्या. 'आय-५ लॅपटॉप – १ नग' असे बिल वादाच्या वेळी काही कामाचे नाही.
- अधिकृत सेवा केंद्र अकोल्यात आहे, अमरावतीत की थेट नागपुरात? वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की यंत्र नेऊन देण्याची? किमतीत थोडाच फरक असेल, तर ज्याची सेवा गावात मिळते, तो घ्या.
- ऑनलाइन मागवला असेल, तर डबा उघडतानाचे सलग चित्रण करून ठेवा.

बिनबिलाचा स्वस्त लॅपटॉप घेऊ नका. त्यात जी बचत वाटते, ती पहिल्या दुरुस्तीत जाते.

माल सदोष निघाला तर

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. सांगितला एक प्रोसेसर आणि दिला दुसरा, तर तीही फसवणूकच.

आधी विक्रेत्याला आणि कंपनीला लेखी कळवा. ई-मेल चालेल, फक्त तक्रार क्रमांक जपा. ऑनलाइन विक्री मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे, असा २०२० चा नियम आहे. तिथे भागले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. अनेक प्रकरणे याच पायरीवर मिटतात.

तरीही दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत किंवा गुरुग्राममध्ये असले, तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. अकोल्याच्या माणसाने अकोल्यातच, अमरावतीच्या माणसाने अमरावतीतच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तो करावा लागतो. बिल, वॉरंटी कार्ड, सेवा केंद्राने दिलेली प्रत्येक जॉबशीट आणि ई-मेलच्या प्रती एका फाइलमध्ये लावून ठेवा. सेवा केंद्रातून यंत्र परत घेताना जॉबशीटवर काय बिघाड लिहिला आहे, तो वाचल्याशिवाय सही करू नका.